पुलाची तपासणी मे महिन्यात करून काय कळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात तालुक्यातल्या पुलांची पावसाळ्याआधीची तपासणी पूर्ण झाल्याची बातमी आली, सोबत फोटो, साहेब लोक कठड्याला टेकून उभे आणि कठड्याला नवाकोरा पिवळा-काळा रंग. फोटो झकास आलाय. पण पुलाखाली उतरलेला एकही माणूस त्यात दिसला नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी डिप्लोमा सिव्हिल, कॉन्ट्रॅक्टरकडे २२ वर्षं साइट सुपरवायझर होतो, फार मोठा इंजिनिअर नाही, पण नदीवरच्या पुलाचं दुखणं कुठे असतं तेवढं कळतं.

आपल्याकडे जास्त करून गर्डरचे, म्हणजे खांबांवर आडव्या तुळया टाकलेले पूल. ट्रक गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, मधोमध आला की गर्डर किंचित वाकतो, त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, काँक्रीट दाब भरपूर खातं पण ताण आला की चिरतं म्हणून तिथे सळ्या खालच्या अंगाला जास्त टाकतात. गर्डर खांबावर थेट टेकत नाही, मधे बेअरिंग म्हणजे उशीसारखा टेकू असतो, उन्हाने गर्डर लांबतो, गाड्या ब्रेक मारतात, ते सगळं हलणं बेअरिंगने सोसायचं. गाडी दोन गाळ्यांमधल्या जॉइंटवरून गेली की खडाक करून आवाज येतो ना, तोच जॉइंट गळायला लागला की पाणी नेमकं बेअरिंगवर, आमच्या पुलावर तर तिथे मनगटाएवढा पिंपळ झालाय आणि तपासणीनंतरही तो तिथेच आहे. गुजरातेत ९ जुलै २०२५ ला मही नदीवरचा गंभीरा पूल पडला तेव्हा प्राथमिक चौकशीत बेअरिंगखालचा पेडेस्टल (काँक्रीटचा ठोकळा) आणि सांधा चिरडल्याचंच सांगितलं गेलं. तो पूल काही ब्रिटिशांचा नव्हता, १९८५ चा होता. एकच गाळा पडला, बाकीचे जागेवर, कारण तसल्या पुलात प्रत्येक गाळा आपापला टेकलेला असतो.

दगडी कमानीचं तसं नसतं. कमान भार खाली देते तशी बाजूलाही रेटते, शेजारची कमान उलट रेटा देते, अशा सगळ्या एकमेकींच्या आधाराने उभ्या. दगडाला दाब म्हणजे काहीच नाही, म्हणून या कमानी शंभर-शंभर वर्षं टिकतात. पण मधला एक खांब खालून सुटला की दोन्हीकडच्या कमानींचा आधार गेला. महाडचा सावित्रीवरचा पूल असाच दगडी कमानींचा, १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री भर पुरात गेला, दोन एसटी आणि बाकीच्या गाड्या माणसांसकट घेऊन गेला. आणि त्या पुलाची मे महिन्यात पाहणी झाली होती असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं! नवा पूल मग १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे मनावर घेतलं तर होतं सगळं.

आता माझा मुद्दा. पूर आला की पाणी खांबावर आपटून खाली वळतं, बुडाशी भोवरा होतो आणि तो खांबाभोवतीची वाळू-माती उकरून काढतो. पूर ओसरायला लागला की तोच खड्डा गाळाने परत भरतो. म्हणजे मे महिन्यात तुम्ही खाली उतरलात तरी सगळं सपाट, छान दिसणार, पण तो भराव भुसभुशीत, पुढच्या पुरात पहिल्या तडाख्याला जाणारा. त्यात वाळू उपसा, त्याने नदीचा तळच खाली जातो. लहानपणी आम्ही खांबाच्या ज्या दगडी कंगोऱ्यावर बसून पाण्यात पाय सोडायचो तो आता माझ्या डोक्याच्या वर आहे, पूल काही वर गेला नाही.

मी गेल्या वर्षी एक उद्योग केला. वाण्याकडचं जुनं १० किलोचं वजन नायलॉनच्या दोरीला बांधलं आणि कठड्यावरून एकाच खांबाजवळ सोडून बघितलं. मे मध्ये २७ फुटांवर टेकलं. जुलैत पुराचा जोर थोडा कमी झाल्यावर परत सोडलं तर ३६ फूट. धार दोरी ओढते म्हणून दीड-दोन फूट चूक धरा, तरी सात फूट माती गायब. दिवाळीच्या आसपास परत २८! वही घेऊन एका ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, काका या वयात कठड्यावरून वाकू नका, पडाल. काळजी केली त्याबद्दल आभार, वही मात्र उघडली नाही. (बाकी कुणी हा प्रयोग करायला जाऊ नका, माझ्या कमरेला दोर होता आणि पुतण्याने धरला होता.)

कमान असो, गर्डर असो नाहीतर सी लिंकसारखा केबलचा पूल, केबल भार टॉवरला देणार, टॉवर पायाला देणार, शेवटी सगळं वजन जमिनीतच जायचं. आणि बातमी येते कठड्याच्या रंगाची.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. प्रत्येक खांबावर फुटांच्या खुणा रंगवा, कठड्याला जो रंग फासलाय त्यातलाच उरला असेल तर तोच वापरा. पाया किती खोल आहे आणि माती कुठपर्यंत गेली की वाहतूक बंद करायची ते आधी ठरवून पुलाच्या तोंडाशी बोर्डावर लिहा. आणि माप पावसाळ्यात घ्या, पूर येऊन गेला की लगेच, गाळ बसायच्या आत. आपल्या पेपरनेही पुढच्या वेळी फोटो खालून काढावा, आमच्याकडे उतरायला पायवाट आहे, मी दाखवतो.

दोरी आणि वजन घरीच आहे. गुडघा आता साथ देत नाही, त्यामुळे ऑफिसातून एखादा शिकाऊ पोरगा पाठवला तर बरं होईल, तो दोरी सोडेल, मी आकडे लिहून घेईन.

आपला,
एक नियमित वाचक, रायगड जिल्हा