भैय्या, तुझं एप्रन घरीच राहिलं

भुसावळ

चि. भैय्यास अनेक आशीर्वाद.

सोमवारी कानबाई मातेचं विसर्जन करून आलो आणि तू न जेवताच पंजाब मेल गाठलीस. दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसले. भांडायला नाही.

बॅगेत केळीचे वेफर्स भरताना ते पांढरं एप्रन हाताला लागलं, तेव्हा मला आनंदच झाला होता रे. वाटलं, पोरगा स्वयंपाक शिकला! मऊ चामड्याचं एप्रन बांधून पोळ्या कोण लाटतं, हे डोक्यात आलंच नाही. मी विचारलं, तर तू म्हणालास, ‘ते सांगता येत नाही.’ नेमकं तेवढंच बाबांनी ऐकलं. त्यांनी नानांचा विषय काढायला नको होता, पण तूही ताट सरकवायला नको होतंस.

मी तीस वर्षं इतिहास शिकवलाय. ते एप्रन फ्रीमेसन लोकांचं. फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना बंधू मानणाऱ्या, काही खुणा गुप्त ठेवणाऱ्या सभासदांची जुनी संघटना, चेटूक करणारे नव्हेत, एवढं मला कळतं. बाबांच्या डोक्यात मात्र लहानपणी ऐकलेलं ‘जादूघर’च बसलंय; त्यांच्या सभेच्या इमारतीला लोक तसं म्हणायचे. रात्री त्यांना वाचून दाखवलं. १७१७ साली लंडनच्या चार लॉजांनी, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखांनी, मिळून ग्रँड लॉज ही मध्यवर्ती संस्था काढली. खुणा सगळ्या दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या: गुण्या, कंपास आणि एप्रन. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९३ मध्ये कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीची, कोनशिला बसवली तीसुद्धा एप्रन बांधून. त्यावर बाबा म्हणतात, ‘आणि खऱ्या गवंड्याला आत घेतात का?’ मला उत्तर सुचलं नाही.

मुंबईच्या माणेकजी करसेटजींना गोऱ्यांच्या लॉजनं दारातूनच परत पाठवलं, तर त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीय माणसांसाठी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं. हे ऐकून बाबा जरा नरमले. मोतीलाल नेहरूही मेसन होते म्हटल्यावर तर ते मोतीलालांवरून जवाहरलालांवर गेले आणि तिथून फैजपूरला! १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला आबा पायी गेले होते, परतताना एक वहाण तुटली, ती हातात धरून घरी आले. तुला पाठ आहे सगळं. चहा गार झाला, तरी वहाण काही संपेना.

खरं सांगू? मनातून मला अभिमानही वाटला. संगीतकार मोझार्ट १७८४ मध्ये व्हिएन्नात मेसन झाला. फ्रेंच लेखक व्होल्टेअर तर १७७८ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, बेंजामिन फ्रँकलिनच्या हाताचा आधार घेत लॉजमध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात वारला. अशांच्या पंगतीत माझा भैय्या! शेजारच्या काकूंना सांगणार होते. पण हे सांगायचं असतं की नाही, तेच कळेना.

विवेकानंदांचं वाचलं आणि मन लागेना. १८८४ च्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये त्यांची दीक्षा झाली. तेव्हा ते नुसते नरेंद्र होते, वय एकवीस. त्याच महिन्यात वडील गेले. मग घरात खायची भ्रांत आणि नोकरीसाठी वणवण. बाबांना ते पान वाचून दाखवलं नाही.

मी एवढं वाचलं ते एका गोष्टीसाठी. आपण मेसन आहोत हे घरी सांगायला त्यांच्यात बंदी नसते. गुप्त ठेवायच्या त्या एकमेकांना ओळखायच्या खुणा. मग तू का लपवलंस? नोकरी गेली तेव्हाही चार महिने लपवलंस आणि दर एक तारखेला पैसे पाठवत राहिलास. ते कर्ज काढून पाठवत होतास, हे मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. आता तिथली वर्गणी असेल, वर घराचा हप्ता. जमतंय ना? माणसानं आपल्या माणसांपाशी तरी... जाऊ दे. वर्गात उभी असल्यासारखी बोलायला लागले. रागावू नकोस.

बायकांना आत घेत नाहीत, हे मात्र मला खटकलं. अ‍ॅनी बेझंटबाईंनी १९०२ मध्ये पॅरिसला जाऊन स्त्री-पुरुष दोघांना घेणाऱ्या वेगळ्या मेसन पंथाची दीक्षा घेतली. पण मी कुठल्या तोंडानं बोलू? कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू आपणही घरातल्या पुरुषांच्या नावानंच मोजतो. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. एवढ्या वर्षांत माझ्या नावाची मूठ कुणी धरली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. यंदा तुझ्या नावाचे गहू मीच पाखडले होते. तुझा रोट तसाच राहिला. शेवटी बाबांनी खाल्ला, साखर वाढलेली असताना. डॉक्टरांकडे गुरुवारी जायचंय. घाबरण्यासारखं काही नाही, खरंच नाही.

पण हप्त्याचं तेवढं कळव. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

रविवारी समोरचे काका मुंबईला येताहेत. त्यांच्याबरोबर कळण्याचं पीठ, बिबडे आणि तुझं एप्रन पाठवतेय. चामड्याचं म्हणून धुतलं नाही, नुसतं पुसलं. खाली उजव्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलंय. ते माझंच आहे, आधीच सांगून ठेवते.

तुझी
आई