बँड परत येतात, त्यांच्यासाठी पेपरात जागा ठेवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सिनेमाच्या गाण्यांवर भरपूर येतं, जुन्या गायकांच्या पुण्यतिथीला अख्खं पान असतं, ते मी आवडीने वाचतो. पण स्वतः गाणी लिहून स्वतःच वाजवणाऱ्या बँडबद्दल एक ओळ येत नाही, म्हणून हे पत्र लिहायलोय. सध्या इंग्लंडचा स्लोडाइव्ह नावाचा बँड ऐकायलोय आणि त्यांची गोष्ट आपल्याकडच्या पोरांना कळायलाच पाहिजे असं मनापासून वाटायलंय.

रेडिंग गावच्या पोरापोरींनी १९८९ ला हा बँड काढला. गिटारचा आवाज पेडलमधून (पायाने दाबून आवाज बदलायची पेटी) इतका पसरवायचा की शब्दसुद्धा त्यात अर्धे बुडून जावेत, श्रावणात म्हैसमाळच्या धुक्यात समोरचा माणूस दिसतो ना, तसं गाणं. १९९१, १९९३ आणि १९९५ असे तीन अल्बम आले, दुसऱ्यात तर दोन गाण्यांना ब्रायन ईनोसारख्या मोठ्या संगीतकाराचा हात लागला होता, तरी तिथल्या संगीत साप्ताहिकांनी त्यांना झोडपून काढलं. त्यातल्या ‘मेलडी मेकर’च्या समीक्षकाने दुसऱ्या अल्बमवर लिहिलं की हा अल्बम परत ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात बुडून मेलेलं बरं. अहो, विशीतली पोरं होती ती! नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, का नाही आवडलं ते सांगा, पण असं लिहायचं? तेवढ्यात ओएसिस नावाच्या दुसऱ्या बँडवाल्यांची हवा सुरू झाली, ड्रमर सोडून गेला, आणि तिसरा अल्बम बाजारात आला न आला तोच रेकॉर्ड कंपनीने हात वर केले. बँड संपला. त्यातल्या तिघांनी मग मोहावी थ्री नावाने शांत, गावाकडच्या ढंगाची गाणी करायला घेतली.

पण अल्बम कुठं जात नाहीत ना साहेब. इंटरनेट आलं, १९९३ ला जी जन्मलीही नव्हती ती पोरं हे ऐकायला लागली, एकानं दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. २०१४ ला बँड परत जुळला, सोडून गेलेला ड्रमरही आला, बार्सिलोनाच्या मोठ्या फेस्टिव्हलमध्ये वाजवलं. आणि २०१७ ला नवा अल्बम, म्हणजे मधे तब्बल २२ वर्षं! मला सगळ्यात भारी हेच वाटतं की ते नुसती जुनी गाणी वाजवत फिरले नाहीत, नवी केली, आणि ती आजची वाटतात. २०२३ ला अजून एक अल्बम आला, त्यातली सुरुवातीची कामं गिटारवाल्या नील हॉलस्टेडने सिंथेसायझरवर करून ठेवली होती, मग कोविड आला, गायिका रेचल गॉसवेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील २०२० ला गेले, अल्बम त्या दोघांनाच वाहिलाय. एवढं दुःख असून ती गाणी रडकी नाहीत, ऐकून माणूस उभा राहतो.

तो ‘मेलडी मेकर’ मात्र १९२६ पासून चालू असलेला पेपर २००० साली दुसऱ्या साप्ताहिकात विलीन झाला. मला त्याचं वाईटच वाटतं, कारण झोडपायला का होईना पण त्यांनी लिहिलं तर होतं. वीस वर्षांनी शोधणाऱ्याला बँड कधी निघाला, कोण काय वाजवायचं, सगळं सापडलं.

आमच्याकडे तेच राहत नाही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात दरवर्षी पोरं काय वाजवतात, स्वतःच्या चाली, मराठवाडी बोलीतले शब्द, दुष्काळावरची गाणी, नंतर शेवटचं वर्ष संपतं, एक पुण्याला, एक हैदराबादला, ड्रमसेट विकला जातो आणि गाणी कुणाच्या तरी बंद पडलेल्या मोबाईलमध्ये राहतात. ही पोरं दहा वर्षांनी परत जुळली तर त्यांना शोधायचं कसं? परत जुळणं काही आपल्याला नवीन नाही हो, १४ एप्रिल जवळ आला की गावोगावच्या गायन पार्ट्या जुळतात, कामाला बाहेरगावी गेलेला ढोलकीवाला सुट्टी काढून येतो. वेरूळ-अजिंठा महोत्सव २०१६ नंतर बंद होता, तो २०२३ ला परत झालाच की. तिथं मोठे कलाकार येतात, यायलाच पाहिजेत, पण आपल्या मातीतल्या बँडलाही एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे?

माझं मागणं छोटं आहे. पंधरा दिवसाला अर्धा कॉलम द्या. लातूर, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठं कोण नवीन गाणी करायलंय त्याची माहिती छापा, मोडलेल्या बँडचीही छापा. कोणी लिहिलं, चाल कोणाची, ढोलकी का ड्रम कोण वाजवायचं, कुठल्या साली, नावं पूर्ण आणि बरोबर. गाणं कच्चं असेल तर कच्चं लिहा, फक्त ऐकून लिहा. आणि एखादा बँड बऱ्याच वर्षांनी नवं गाणं घेऊन आला तर ती बातमी आतल्या पानावर कोपऱ्यात टाकू नका. माहिती गोळा करायला माणूस लागला तर परभणी-हिंगोलीकडची मी आणून देतो, मानधन नको.

आपला,
एक वाचक, परभणी