हरल्यावरही गॅलरीकडे या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉल हंगाम संपला की आपल्या क्रीडा पानावर विजेत्या संघांचे गुलालातले फोटो येतात. ते यायलाच हवेत. हे पत्र मात्र गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या संघांच्या पाठीराख्यांविषयी आहे. मी त्यातलाच एक. चाळीसएक वर्षे शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसतो आहे. आमच्या पेठेच्या टीमचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या पेठांतल्या मित्रांशी बोललो तर त्यांचेही दुखणे हेच निघाले.

दोन-तीन हंगाम आमची टीम सारखी मार खाते आहे. हरल्याची तक्रार नाही. कोल्हापूरच्या माणसाला हार नवी नाही. खासबागेत चीतपट झालेला मल्लही आपण पाहिला आहे. पण तो उठतो, अंगावरची माती झटकतो, वस्तादांच्या पाया पडतो आणि लोकांच्या देखत मैदानाबाहेर जातो. आपल्या बहुतेक फुटबॉल टीम ज्या तालमींतून उभ्या राहिल्या, तिथली ही रीत टीमने मात्र सोडली.

या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात आमच्यावर चार गोल झाले. चौथा गोल झाल्यावर निम्मी गॅलरी उठली. मी आणि माझा नऊ वर्षांचा नातू शिट्टी होईपर्यंत थांबलो. आपली पोरं इकडे येतील, हात वर करतील, म्हणून तो जर्सी घालून जाळीला धरून उभा होता. एकही जण आला नाही. सगळे खाली मान घालून तडक आत गेले, पदाधिकारी त्यांच्या आधीच निघाले होते. घरी जाताना नातू म्हणाला, ‘‘आजोबा, आपण ओरडायला कमी पडलो का?’’ त्याला काय सांगायचे ते मला सुचले नाही.

खेळाडूंवर माझा राग नाही. त्यातली कित्येक पोरं दिवसभर काम करून सरावाला येतात, त्या दिवशी त्यांना तोंड दाखवायची लाज वाटली असेल. त्यांना हाताला धरून गॅलरीपुढे आणायचे काम कारभाऱ्यांचे. २००९ मध्ये इंग्लंडमधला विगन संघ टॉटनहॅमकडून ९-१ असा हरला, तेव्हा लांबून आलेल्या पाठीराख्यांच्या तिकिटाचे पैसे खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून परत केले. आम्हाला पैसे नकोत. पण आमच्या येण्याची तेवढी कदर असावी. आणि सुनील छेत्री आठवा. जून २०१८ मध्ये मुंबईत भारत चिनी तैपेईशी ५-० जिंकला, छेत्रीने तीन गोल मारले, तरी प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. तीनच दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना भरगच्च मैदानात झाला. देशाचा तेव्हाचा कर्णधार लोकांशी सरळ बोलला, मग आमच्या गल्लीतले पदाधिकारी का बोलत नाहीत?

वर्गणी मागायला हंगामाआधी ते दारोदार येतात. आम्ही देतो, आनंदाने देतो. हंगाम संपल्यावर दारात कोणी येत नाही. यंदा बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर किती खर्च झाला, प्रशिक्षक मध्येच का गेले, हे सगळे चहाच्या गाड्यावर कानावर येते, तेही दहा तोंडांनी. आणि पेठेतली चांगली पोरं वर्षभर बाकावर. आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. बाकावरच्या त्या पोरांतही कोणी तसा असेल. त्यांना उतरवून हरलात तर आम्ही आणखी पाच वर्षे धीर धरू, फक्त तसे तोंडाने सांगा.

आमच्या बाजूच्या चुकाही मान्य आहेत. ईर्षेच्या भरात गॅलरीतून दगड-बाटल्या येतात, आयाबहिणींवरून शिव्या दिल्या जातात, त्यामुळे घरातल्या बायका-मुली सामन्याला यायला धजत नाहीत. हे करणाऱ्याला आम्ही जुन्या लोकांनीच तिथल्या तिथे गप्प केले पाहिजे, आणि यात मीही कमी पडलो आहे.

माझी मागणी साधी आहे. पावसाळा सरायच्या आत तालमीत एका संध्याकाळी सगळ्या पेठेला बोलवा. खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी समोर बसू द्या. जमाखर्च वाचून दाखवा आणि पुढच्या वर्षी कोणाला घेऊन खेळणार ते सांगा. आम्ही बोलू ते ऐकून घ्या, त्यात चार शब्द कडू असतील. नातवाला घेऊन मी पहिल्या रांगेत येऊन बसेन, वर्गणीही त्याच दिवशी देईन.

आपला,
एक जुना पाठीराखा, कोल्हापूर