वजनाबरोबर ताकदही मोजावी

संपादक महोदय,

वजन उतरवण्याचे उपाय वृत्तपत्रांतून वरचेवर छापले जातात. उतरलेले वजन नेमके कशाचे होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. व्यायामाविना केवळ आहार घटवला तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पुढे वजन पुन्हा चढले, तर विशेषतः उतारवयात त्यात चरबीचाच भरणा अधिक असतो. म्हणजे काट्यावरचा आकडा पूर्वीचाच, पण माणूस पूर्वीपेक्षा अशक्त, अशी स्थिती संभवते. (चरबीचे स्नायूंत रूपांतर करून देणाऱ्या जाहिरातींबद्दल काय बोलावे! या दोन ऊती मुळातच वेगळ्या आहेत आणि एकीची दुसरी होत नाही.)

स्नायूंचा आकार हादेखील ताकदीचा पुरेसा पुरावा नव्हे. वजने उचलण्याचा सराव सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढलेले नसतानाही ताकद वाढते, कारण अधिकाधिक स्नायुतंतूंना एकाच वेळी कामाला लावणे मज्जासंस्थेला जमू लागते. उतारवयात याच्या उलट घडते: स्नायू जितके घटतात, त्याहून ताकद अधिक वेगाने घटते.

स्थूल माणूस दुबळाच असतो, हा समजही तपासून घ्यावा. लाशा तालाखाद्झे या अवाढव्य भारोत्तोलकाने 2021 मध्ये क्लीन अँड जर्क (भार आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर उचलणे) प्रकारात 267 किलो उचलले. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 60 किलो गटातील नईम सुलेमानोग्लू यांनी 190 किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार उचलला होता. ओझे उचलायचे असेल तर पहिला बलवान. पण जिना चढताना किंवा जमिनीवरून उठताना स्वतःचे शरीर हेच ओझे असते, आणि तेथे वजनाच्या प्रमाणात ताकद किती, हे निर्णायक ठरते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या बीएमआयला हे काहीच कळत नाही.

ताकद अजमावण्याची एक सोपी चाचणी आहे. छातीवर हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास 15 सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला, तर युरोपीय तज्ज्ञांच्या निकषानुसार ते स्नायूंची ताकद घटल्याचे लक्षण मानले जाते. आपल्या आरोग्य पुरवणीत वजन-उंचीच्या तक्त्याशेजारी ही चाचणी छापावी, आणि ज्यांचा तोल जातो त्यांनी ती एकट्याने करू नये, ही सूचनाही ठळकपणे द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक