‘दंड’ तेवढा कळला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘फुकट्या प्रवाशांना दणका’ ही चार ओळींची बातमी आपल्या अंकात वाचली. किती जण धरले आणि किती दंड गोळा झाला, एवढंच तिच्यात होतं. त्या धरलेल्यांत माझा भाचा होता, आणि त्याच्या खिशात तिकीट होतं.

मी पस्तीस वर्षं बेळगावात कोर्टाच्या आवारात टायपिंग केलं. आधी रेमिंग्टनवर, मग कॉम्प्युटरवर. खानापूरहून मासिक पासावर ये-जा. विनातिकीट फिरणाऱ्यांबद्दल मला कणव नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात बायको शक्ती योजनेतलं (कर्नाटकात बायकांना बस फुकट, ती) शून्य रुपयाचं तिकीटसुद्धा बसमधून उतरेपर्यंत मुठीत धरून बसते.

भाचा वीस वर्षांचा आहे. पहाटे उठून पळतो, भरतीच्या मागे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवरून जाताना ज्यांची मान आपोआप ताठ होते, त्या पोरांतला. त्या दिवशी त्याने पॅसेंजरचं १० रुपयांचं तिकीट काढलं. पॅसेंजर लेट झाली, तेवढ्यात एक्स्प्रेस लागली. गर्दी चढली तसा हाही चढला. एक्स्प्रेसचं कमीत कमी भाडं ३० रुपये, म्हणजे फरक २० रुपयांचा. चढताना त्याच्या मनात काय होतं ते मी इथे लिहीत नाही. इतकी वर्षं वकिलांच्या शेजारी बसून तेवढं शिकलोय.

उतरला तिथे तपासणीची मोहीम होती आणि मॅजिस्ट्रेटही आले होते. पोरांची रांग लावली, एकेकाला टेबलापुढे नेलं. विचारलं ते कन्नडमध्ये. भाच्याचं कन्नड बाजारातलं, ‘एष्टु’ (किती) आणि ‘बेका’ (हवं का) एवढ्यापुरतं. कोर्टातलं कन्नड मलाही कळायला दोन वर्षं लागली होती. मी त्याला खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ‘मामा, दंड तेवढा कळला. सगळे मान हलवालते, मी पण हलवलो. सही करा म्हटले, केलो.’ दंड हा शब्द दोन्ही भाषांत एकच, म्हणून कळला. ५०० रुपये भरून आणि वर भाड्याचे पैसे देऊन तो सुटला. घरी कोणाला काही बोलला नाही.

चोविसाव्या दिवशी तो एक फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. भरतीच्या आधी चारित्र्य पडताळणीसाठी जी माहिती भरून द्यावी लागते, तिचा. त्यात प्रश्न होता, कधी अटक, खटला, न्यायालयाकडून दंड किंवा दोषसिद्धी झाली आहे काय. ‘मामा, रेल्वेतला दंड ह्यात धरतात काय?’ मी पावती मागितली. पाकिटात दहा घड्या घालून ठेवली होती. उघडली तर कलम १३७.

इथे थोडं थांबतो, कारण खरा घोळ इथेच आहे. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये शेजारी शेजारी दोन कलमं आहेत. १३७ हा गुन्हा. रेल्वेला फसवण्याच्या हेतूने विनातिकीट किंवा योग्य तिकिटाशिवाय प्रवास केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खास कारण निकालात लिहिल्याशिवाय दंड ५०० पेक्षा कमी नाही. १३८ ही वसुली. तिच्या दुसऱ्या पोटकलमात खालच्या दर्जाच्या गाडीचं तिकीट घेऊन वरच्या दर्जाच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाचा सरळ उल्लेख आहे. त्याने भाड्यातला फरक द्यायचा आणि वर जादा आकार, जो कमीत कमी २५० रुपये असतो. आमच्या हिशेबाने २० अधिक २५०, म्हणजे २७०. पावती फाडायची, विषय संपला. ना आरोपी, ना दोषसिद्धी. १३७ आणि १३८ मध्ये फरक ‘फसवण्याचा हेतू’ या शब्दांचा, आणि हेतू कोर्टात सिद्ध व्हावा लागतो. हा होता की नव्हता हे तिथे कोणी तपासलंच नाही. पोराने मान हलवली, प्रकरण निकालात निघालं.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘फॉर्मात लिहूच नका, कोण बघतंय?’ असला सल्लागार प्रत्येक गल्लीत एक असतोच. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या फॉर्मात खरी माहिती द्यायलाच हवी असं सांगितलंय. प्रकरण किरकोळ असेल तर लपवणुकीकडेही काणाडोळा करायचा की नाही, हे नोकरी देणाऱ्याच्या हाती ठेवलंय. त्याच्या मर्जीवर पोराला सोडायचं कशाला? आम्ही खरं लिहायचं ठरवलं, आणि अपील करायचंही.

मॅजिस्ट्रेटच्या निकालावर अपील सेशन्स कोर्टात, मुदत ३० दिवस. आमच्या हातात सहा दिवस होते. निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाची शिक्क्याची प्रत, मिळायला लागणारे दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नकलेचा अर्ज टाकला. इतरांसाठी आयुष्यभर टाइप केलेला तोच अर्ज. या वेळी अर्जदाराच्या जागी घरातलं नाव टाइप करताना बोटं अडखळली, खोटं कशाला बोलू?

नकलेत जे दिसलं त्यासाठी हे पत्र लिहितोय. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच, असं आहे की समन्स खटल्यात, म्हणजे असल्या किरकोळ गुन्ह्यांच्या खटल्यात, आरोप आरोपीला सांगायचा, आणि त्याने गुन्हा कबूल केला तर कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. आमच्या नकलेत कबुली आहे कन्नडमध्ये. ओळ छापील, फक्त नाव हाताने भरलेलं. खाली सही आहे देवनागरीत, शाळेत गिरवली तशी, वर शिरोरेघ ओढलेली. ज्याला देवनागरीतच सही करता येते, त्याचे ‘स्वतःचे शब्द’ छापील कन्नडात कुठून आले? संहितेत आणखी एक वाक्य आहे, जे मी शेकडो वेळा पाहूनही कधी नीट वाचलं नव्हतं. आरोपीने मागितलं तर निकालाचं भाषांतर, शक्य असल्यास, त्याच्या स्वतःच्या भाषेत द्यायचं. आणि निकाल अपील करण्याजोगा असेल तर फुकट. पस्तीस वर्षांत हे मागणारा एकही मराठी माणूस माझ्या टेबलाशी आला नाही. मीही कुणाला सांगितलं नाही. हा दोष माझाही आहे.

आता अडचण. गुन्हा कबूल केला असेल तर दोषसिद्धीवर अपील चालत नाही, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे की नाही एवढ्यावर चालतं. वकीलबाईंचं म्हणणं, न समजता दिलेली कबुली ही कबुलीच नव्हे. कर्नाटकातल्याच थिप्पास्वामी खटल्यात १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने, हलक्या शिक्षेवर सुटका होईल या आशेवर घेतलेली कबुली वापरून शिक्षा वाढवणं अन्यायाचं ठरवलं होतं आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला होता. आमची गोष्ट तंतोतंत तीच नाही, पण मॅजिस्ट्रेटच्या टेबलावरची कबुली ही दगडावरची रेघ नसते, एवढं त्यातून निघतं. ते नाही चाललं तर सेशन्स कोर्टातच पुनरीक्षण, म्हणजे खालचा निकाल कायद्याला धरून आहे का याची तपासणी; त्याला मुदत ९० दिवस. आणि तेही नाही जमलं तर शिक्षेपुरतं अपील, त्यात १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली दंडाऐवजी समज देऊन सोडण्याची विनंती. त्या कायद्याचं कलम १२ असं की, अशी समज मिळालेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. भरतीच्या पोराला ५०० रुपये परत मिळण्यापेक्षा ही ओळ मोलाची.

कोणी म्हणेल, हा भाषेचा वाद उकरून काढतोय. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाची वाट बघितली असती तर भाच्याची अपिलाची मुदत केव्हाच बुडाली असती. मला कोर्टाची भाषा बदलून नको आहे, कन्नडवर तर माझं पोट चाललं. मागणं इतकंच आहे की तपासणीच्या टेबलाजवळ दोन्ही भाषा येणारा एक माणूस उभा करा. त्याने एकच प्रश्न मराठीत विचारावा: फरक भरून जाणार, की फसवलं असं कबूल करणार? पुढे पोरगं काय उत्तर देईल ते देईल.

ज्यांच्या घरात अशी पावती पडून असेल त्यांनी ती उघडून कलम बघावं. १३८ असेल तर चिंता नाही. १३७ असेल आणि महिना झाला नसेल तर आधी नकलेचा अर्ज टाका, वकील नंतर शोधा. महिना उलटला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, मात्र उशिराचं कारण खरं लिहा. वकिलाची फी जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० वर फोन लागतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, असल्या कागदाची शाई उडून जाते.

मराठी भाषांतराचा आमचा अर्ज अजून नक्कल विभागात आहे. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला, मग मला ओळखून हसला आणि म्हणाला, ‘तात्या, हे पहिल्यांदाच बघालोय.’ शिक्का मात्र मारून दिला. पुढच्या महिन्यात तारीख आहे. आम्ही दोघं रेल्वेनेच जाणार. तिकिटं मी काढणार आहे, एक्स्प्रेसची.

आपला,
एक निवृत्त टंकलेखक
ता. खानापूर, जि. बेळगाव