गटप्रवर्तक ताई, तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं

ताई, मी गावातली आशा सेविका आणि तुम्ही आम्हा आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक. समोर बसून बोलायला गेलं की मला रडू येतं म्हणून इथे लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय.

२०२० च्या सप्टेंबरात कोरोनासाठी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्वे लागला, दिवसाला ५० घरं, ताप बघा, ऑक्सिजन बघा, शुगर-बीपी विचारा. काही जण तोंडावर दार लावायचे. तेही निभावलं. पण एप्रिल २०२१ ला मी मोडले. वरच्या आळीतल्या आजोबांचं घर बंद होतं, दोन हाका मारल्या, कुणी उघडलं नाही, यादी मोठी होती म्हणून मी पुढं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ७१, आणि आजोबा मलाच म्हणतायत, पोरी चहा घेऊन जा. तीन दिवसांनी ते गेले.

मग डोळे मिटले की ७१ दिसायचं. मी पडवीत वेगळी झोपायचे, लेक खिडकीतून हाका मारायचा आणि मला ओ द्यायचीसुद्धा इच्छा व्हायची नाही. हात धुऊन धुऊन कातडी सोलली होती. आणि सांगणार कुणाला, गावाला धीर द्यायचं काम तर आशाचंच ना.

तुमचा रोज रात्री आकडे घ्यायला फोन यायचा. त्या रात्री आकडे लिहून घेतलेत आणि फोन ठेवला नाहीत. म्हणालात, आवाज असा का गं तुझा, झोप लागते का? वर्षभरात हे मला कुणी विचारलं नव्हतं ताई. सकाळी स्कूटीवर आलात, ओट्यावर लांब बसलात, माझं तुंबलेलं रजिस्टर मांडीवर घेऊन स्वतःच भरायला लागलात आणि म्हणालात, तू फक्त बोल. तुमच्या हाताखाली आम्ही वीसेक जणी, त्यात तुमच्याच घरात पेशंट होता, हे मला खूप नंतर कळलं.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला पण तुम्हीच नेलंत. मी म्हटलं लोक वेडी म्हणतील, तर म्हणालात, तू म्हाताऱ्यांना बीपीची गोळी चुकवू नका म्हणून दारोदार सांगतेस ना, मग? गोळ्या, समुपदेशन, बरेच महिने गेले, पण झोप परत आली.

२०२२ ला डब्ल्यूएचओने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आनंद झालाच, पण गटप्रवर्तकांचं नाव कुणी घेतलं नाही हे मला लागलं, खरंच लागलं. आता १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, नवीन आशांना मी तो नंबर देते आणि तुमच्यासारखंच आधी विचारते, झोप लागते का गं.

ते रजिस्टर जमा केलं ताई. त्याआधी एप्रिलच्या पानांचे फोटो काढून ठेवलेत, ती सगळी तुमच्या अक्षरात आहेत.

तुमचीच,
वरच्या आळीची आशा