मेओ वाकच्या त्या नवराबायकोचे आभार

व्हिएतनामच्या उत्तरेला, डोंग वानहून मेओ वाककडे जाताना मा पी लेंग खिंडीत आमची भाड्याची मोटारसायकल बंद पडली. एका बाजूला कडा, खाली खोल दरीत न्यो क्वे नदी. पाऊस लागलेला आणि मागे बसलेला माझा धाकटा भाऊ तापाने फणफणलेला. खिशात मोजकेच पैसे.

पोत्यांनी भरलेला एक छोटा ट्रक थांबला. आतल्या नवराबायकोने काहीच विचारलं नाही. त्याने पोती सरकवून आमची गाडी वर चढवली, दोरीने करकचून बांधली. तिने अंगातला रेनकोट काढून भावाला घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, त्याला पुढे केबिनमध्ये बसवलं आणि स्वतः माझ्यासोबत मागे पोत्यांवर बसली. भर पावसात! मेओ वाकला आधी दवाखाना, मग गॅरेज. भावाचा नंबर लागेपर्यंत ती कुठूनशी आलं घातलेली गरम पेज घेऊन आली, अगदी आपल्याकडे आजाऱ्याला देतात तशी. मी पैसे पुढे केले, तर त्याने माझी मूठ मिटवली.

गडबडीत नावंही कळली नाहीत. भाऊ ठणठणीत बरा झाला, पुढचा प्रवासही झाला. ताई, दादा, तुमचे मनापासून आभार. आमची आई रोज तुमच्यासाठी देवापुढे हात जोडते.